घरच्या मिलिंग मशीनवर दिवा: कुठे, कसला आणि किती व्होल्टचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गॅरेजमध्ये बेंचवर बसणारं छोटं मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं यंत्र आहे. छताला एकच ट्यूब, तीही पाठीमागे. वाकून बघायला गेलं की आपल्याच डोक्याची सावली कटरवर पडते आणि मार्किंगची रेघ गायब होते. मग काय लावावं? एलईडीची पट्टी चिकटवावी, शिलाई मशीनवर लावतात तो मॅग्नेटवाला दिवा घ्यावा, की गाडीच्या हेडलाइटमध्ये बसवतात ती गोल रिंग स्पिंडलभोवती (कटर फिरवणाऱ्या दांड्याभोवती) लावावी? आणि वीज कुठून घ्यावी?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. दोन दिवे लावा. एक गूजनेकवाला (हवा तसा वाकणाऱ्या नळीचा), मशीनच्या डाव्या बाजूने थोडा मागून येणारा, खाली झुकवता येईल असा. दुसरा हेडच्या (स्पिंडल असलेल्या वरच्या भागाच्या) खाली, म्हणजे रिंग किंवा छोट्या पट्ट्या, दुधी काचेआड. दोन्ही १२ व्होल्ट डीसीवर. पॉवर सप्लाय मशीनवर नाही, भिंतीवर, डब्यात. शिलाई मशीनचा दिवा विसरून जा. आणि एकाच दिव्यापुरते पैसे किंवा उत्साह असेल तर पहिला लावा, रिंग नंतर.

बहुतेक जण दुकानात जाऊन वॅट विचारतात. वॅटने काम होत नाही असं नाही, पण तो या प्रश्नातला सगळ्यात सोपा भाग आहे. युरोपात कामाच्या जागेच्या उजेडाचं जे मानक वापरतात, ईएन १२४६४-१, त्यात साध्या मशीनिंगला ३०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि ०.१ मिमीपेक्षा बारीक टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) कामाला ५०० लक्स दिले आहेत. टेबलापासून फूटभर अंतरावर लावलेला पाच वॅटचा चांगला एलईडी हे सहज पार करतो. तुमचं वय साठीच्या आसपास असेल तर आणखी थोडं धरा. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीत पोहोचतो, कारण बाहुली कमी उघडते आणि भिंग पिवळट होतं. म्हणून टूलरूममधला जुना माणूस दिवा जवळ ओढतो आणि शिकाऊ पोरगा त्याला हसतो. पण वॅट वाढवूनही रेघ दिसत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे खूप भेटतात. तिथे दोष उजेडाच्या कमतरतेचा नसतो, तो ज्या दिशेने येतो तिचा असतो.

स्क्रायबरने (टोकदार सळईने) मारलेली रेघ म्हणजे पत्र्यावरचा रंग नाही, ती एक बारीक चर आहे. वरून सरळ उजेड पडला की चरीचा तळ आणि बाजूचा पृष्ठभाग दोन्ही सारखेच उजळतात आणि रेघ धातूत विरघळते. तोच उजेड टेबलाशी २०-३० अंशांचा कोन करून, रेघेला आडवा आला, की चरीची एक कड चमकते आणि दुसरी काळी पडते. मार्किंग ब्लू (रेघ उठून दिसावी म्हणून लावतात तो निळा रंग) लावलेला नसला तरी रेघ उठून दिसते. आता गंमत बघा. हाच तिरका उजेड रेघेच्या लांबीच्या दिशेने आला तर ती पुन्हा नाहीशी होते. म्हणजे दिवा बरोबर डाव्या हाताला ठेवला तर वायमधल्या, म्हणजे तुमच्याकडून कॉलमकडे (मागच्या खांबाकडे) जाणाऱ्या रेघा झकास दिसतील आणि एक्समधल्या, म्हणजे डावी-उजवीकडच्या, दिसणारच नाहीत. म्हणून कोपरा. डाव्या-मागच्या कोपऱ्यातून, वरून पाहिलं तर दोन्ही अक्षांशी ४५ अंशांत येणारा दिवा दोन्ही प्रकारच्या रेघांना आडवा पडतो. तिरप्या रेघेवर काम असेल तेव्हा गूजनेक थोडा वळवायचा. तो हलता ठेवायला सांगतो ते याचसाठी.

डावीच बाजू का? बहुतेक छोट्या मशीनवर क्विल (स्पिंडलला घेऊन खाली-वर सरकणारी नळी) खाली घेण्याचं हँडल उजवीकडे असतं. उजवा हात तिथे, डोकं मध्ये, मग उजवीकडून येणारा उजेड हाताच्या कोपराने अडतो. डावखुरे असाल तरी मशीन डावखुरं नसतं, त्यामुळे बाजू तीच.

काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. जॉब (कापायचा तुकडा) वाइसमध्ये (पकडीत) धरा, त्यावर एक्स आणि वाय दोन्ही दिशांना एकेक रेघ मारा, आणि मोबाइलचा टॉर्च हातात धरून मशीनभोवती फिरवा. कुठे धरल्यावर दोन्ही रेघा दिसतात आणि डोळ्यांवर चमक येत नाही, ती जागा खडूने भिंतीवर किंवा कॉलमवर खूण करून ठेवा. दिवा तिथेच येणार. घासलेलं ॲल्युमिनियम किंवा ग्राइंड केलेलं स्टील असेल तर जॉबच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि नेहमी जिथून डोळा लावता तिथून त्यात बघा. आरशात दिवा दिसला, तर तोच दिवा चकचकीत जॉबमधूनही तुमच्या डोळ्यांत मारणार. दिवा सरकवा किंवा त्याला दुधी आवरण द्या. नुसत्या उघड्या एलईडीच्या टिकल्या चकचकीत जॉबमध्ये टिकलीटिकलीने दिसतात आणि त्यात वर्निअरची रेघ वाचायची म्हणजे शिक्षा.

याच हलत्या दिव्याचा आणखी एक उपयोग आहे. कटर जॉबच्या कडेला टच करताना दिवा पूर्ण मागे न्यायचा आणि कटरच्या मागे पांढरा कार्ड उभा करायचा. आता कटर आणि जॉब दोन्ही काळे दिसतात आणि मधली फट उजळ चिरेसारखी. टेबलाचं हँडल हळूहळू फिरवत आणलं की ती चीर बारीक होत होत केसाहून पातळ झालेली स्पष्ट दिसते. स्पिंडल बंद ठेवून, हाताने एक दात कडेसमोर आणून हे करायचं. कागदाची पट्टी घालून झीरो घेण्याआधी (ती कड मापाचा शून्य धरण्याआधी) इथवर डोळ्याने येता आलं की कागद फाटत नाही आणि कटरचा दात जॉबवर आदळत नाही. समोरून कितीही प्रकाश मारलात तरी ही फट अशी दिसत नाही.

आता रिंग. स्पिंडलभोवती लावलेली रिंग चहूबाजूंनी उजेड टाकते, त्यामुळे सावली जवळजवळ राहत नाही. ड्रिल करताना, खोल पॉकेट (खड्डा) काढताना, बारीक एंडमिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) चालवताना तिला तोड नाही, कारण पॉकेटच्या तळाशी बाजूचा दिवा पोहोचतच नाही. पण सावली नाही म्हणजे उंचसखलपणाही दिसत नाही. रिंगखाली कटिंगच्या रेषा, राहिलेली पायरी, बर (कडेला उरलेले धातूचे काटे) सगळं सपाट वाटतं. नुसती रिंग लावून खूष असलेल्या लोकांच्या जॉबवर बोट फिरवलं की कळतं. शिवाय फेसमिल किंवा बोरिंग हेड लावलं की ते रिंगपेक्षा रुंद असतं आणि सगळा उजेड स्वतःच्याच डोक्यावर घेतं. त्या दिवशी रिंग असून नसल्यासारखी.

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ‘एंजल आय’ म्हणून ज्या रिंगा मिळतात त्या या कामाला चांगल्या. ६० मिमीपासून १०० मिमीच्या पुढेपर्यंत मापं असतात, वरून दुधी आवरण आलेलं असतं, आणि गाडीची बॅटरी चार्जिंगला १४ व्होल्टच्या वर जाते हे धरून त्या बनवलेल्या असतात. आपण १२ व्होल्टवर चालवल्या की थोड्या मंद आणि बऱ्याच गार चालतात. घेताना ‘सीओबी’ प्रकारची, सलग पिवळ्या पट्ट्याची घ्या. सुट्या टिकल्यांची रिंग घेतलीत तर चकचकीत जॉबमध्ये टिकल्यांची माळ दिसेल.

रिंग कशावर बसवायची हे मशीनवर अवलंबून आहे. तुमच्या बेंच मशीनवर क्विलच्या खालच्या टोकाचा न फिरणारा भाग असेल तर त्यावर एका तुकड्याचं, चिरलेलं क्लॅम्प बनवा. ॲल्युमिनियमच्या १० मिमी प्लेटला क्विलच्या व्यासाइतकं बोअर, बाजूने कापून एक एम४ स्क्रू, आणि खालच्या तोंडावर रिंग बसेल असा उथळ खाचा. खाचा रिंगच्या जाडीपेक्षा मिलिमीटरभर खोल ठेवा, म्हणजे कोलेटचा (कटर धरणाऱ्या पकडीचा) पाना निसटला तर प्लेटवर आपटेल, रिंगवर नाही. क्लॅम्प फार आवळू नका. पातळ क्विल दबते आणि मग वर जाताना घासते. क्विलवर लावलेली रिंग क्विलबरोबर खाली-वर जाते, म्हणून वायरला क्विलच्या पूर्ण स्ट्रोकइतकी ढील हवी. आपल्याकडे एम१टीआर म्हणतात त्या मोठ्या, हेड वळवता येणाऱ्या टरेट मशीनवर हा स्ट्रोक पाच इंच, म्हणजे १२७ मिमी असतो. तेवढी ढील लोंबकळत ठेवली तर कधीतरी कटरमध्ये जाणार. ती स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या वायरने द्या किंवा मागच्या बाजूला लूप घेऊन बांधा. क्लॅम्पला जागाच नसेल तर हेडच्या खालच्या तोंडावर दोन बाजूंना दोन छोट्या पट्ट्या लावा. तेवढ्यानेही रिंगचं सत्तर-ऐंशी टक्के काम होतं.

रिंग मॅग्नेटने चिकटवायचा मोह होतो. स्टीलवर काम करणार असाल तर नको. लोखंडाचा बुरादा मॅग्नेटभोवती दाढीसारखा जमतो, आणि तुम्ही कोलेट बदलताना तो स्पिंडलच्या टेपरमध्ये (कोलेट बसतं त्या निमुळत्या भोकात) पडतो. टेपरमध्ये गेलेली एक चिप (कापलेल्या धातूचा कण) रनआउट (कटरचं डगमगत फिरणं) किती वाढवते हे डायल (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावून बघितलेल्याला सांगायला नको. गूजनेकच्या बुडाला मॅग्नेट चालेल, पण तो कॉलमवर, कटरपासून लांब. डायल स्टँडचा जुना, खटक्याने चालू-बंद होणारा मॅग्नेटिक बेस असेल तर उत्तमच. बंद केला की बुरादा आपोआप गळतो.

आता ज्या मुद्द्यावर मी हटून बसतो तो. दिवा लुकलुकणारा नको. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि विझते. स्वस्तातले बरेच एलईडी बल्बही तेच करतात, कारण आत नीट कपॅसिटर घातलेला नसतो. डोळ्याला हे एरवी जाणवत नाही. पण चार दातांचा एंडमिल १५०० आरपीएमवर फिरत असेल तर तो सेकंदाला २५ फेऱ्या मारतो, म्हणजे दर लुकलुकीला बरोबर पाव फेरी. प्रत्येक वेळी उजेड पडतो तेव्हा तिथे दात असतोच. कटर थांबलेला दिसतो. तीन दातांचा २००० आरपीएमला थांबलेला दिसतो, दोन दातांचा ३००० ला. दोन दातांचा १५०० वर चालवलात तर चार दात असल्यासारखा स्थिर दिसतो.

आणि आपल्याकडे हे योगायोगाने होत नाही. चार पोलच्या साध्या मोटरच्या प्लेटवर १४४० आरपीएम लिहिलेलं असतं. बेल्ट एकास एक पुलीवर असेल तर स्पिंडलही १४४० च्या आसपास. म्हणजे चार दातांचा कटर १५०० च्या थोडा मागे राहतो आणि सेकंदाला सुमारे एक फेरी या गतीने, तीही उलट्या दिशेने, निवांत फिरताना दिसतो. बंद केल्यावर कटर जसा रेंगाळतो, अगदी तसा. कानावर मफ लावलेला, शेजारी कॉम्प्रेसर चालू, आणि डोळा सांगतोय की स्पिंडल थांबत आलंय. ब्रश घेऊन चिप्स झाडायला हात पुढे जायला एवढं पुरे. नॉब फिरवून वेग बदलणाऱ्या मशीनवर तर या सगळ्या आकड्यांमधून आपण रोज जातो. जुन्या कारखान्यांत शेडमधल्या ट्यूब आळीपाळीने वेगवेगळ्या फेजवर टाकत, म्हणजे एक विझते तेव्हा दुसरी उजळलेली असते. घरात एकच फेज, तेव्हा ती सोय नाही. छताची ट्यूब चोकवाली असेल तर इलेक्ट्रॉनिक चोक टाका किंवा चांगल्या ड्रायव्हरची एलईडी ट्यूब लावा. आणि मशीनवरचा दिवा शुद्ध डीसीवर ठेवा. तो लुकलुकतच नाही, आणि जवळ असल्याने छताच्या दिव्यावर मात करतो.

तपासणी सोपी आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावून दिव्याकडे बघा, पट्टे किंवा धडधड दिसली तर तो दिवा बाद. मोबाइल नसेल तर दिव्याखाली पेन्सिल वेगाने हलवा. पेन्सिलीची सलग पुसट छाया दिसली तर दिवा स्थिर, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर लुकलुकता. उजेड कमी-जास्त करणारा डिमर लावू नका, असं माझं मत. स्वस्त डिमर उजेड कमी करण्यासाठी दिवा झपाट्याने चालू-बंदच करत असतो, म्हणजे जे टाळायचं तेच पैसे देऊन घेतल्यासारखं. उजेड जास्त वाटला तर दिवा चार इंच मागे न्या.

शिलाई मशीनच्या दिव्याला नाही म्हणतो त्याचं एक कारण हेही आहे, पण मोठं कारण वेगळं. तो थेट २३० व्होल्टच्या प्लगवर चालतो आणि तसल्या अनेक दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतोच. एक कपॅसिटर, चार डायोड आणि एलईडी. म्हणजे दिव्याच्या टोकाशी असलेल्या एलईडीच्या पायांवर मेन्सचा करंट, आणि मध्ये फक्त प्लॅस्टिकचं पातळ टोपण. कापडावर ते एक वेळ निभावतं. मिलिंग मशीनवर त्याच टोपणावर गरम चिप्स उडतात, तेल झिरपतं, आणि तुमचे दोन्ही हात ओतीव लोखंडाला टेकलेले असतात. मशीनच्या विजेच्या मानकात, आयईसी ६०२०४-१ मध्ये, मशीनवरच्या दिव्याला ५० व्होल्टच्या आत ठेवण्याची शिफारस आहे, दिव्याचा स्विच होल्डरमध्ये किंवा लोंबत्या वायरवर नसावा असंही त्यात आहे. हे नियम कारखान्यांसाठी लिहिलेले असले तरी घरातलं लोखंडही तेवढंच वाहक असतं.

वीज घेण्याचे दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे १२ व्होल्ट २ अँपिअरचा सीलबंद ॲडॉप्टर, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना वापरतात तसला. त्यावर बीआयएसचं नोंदणी चिन्ह आणि चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण बघून घ्या. दोन्ही दिवे मिळून १५ वॅट धरले तर सव्वा अँपिअर लागतो, तेव्हा २ अँपिअर पुरेसे. दुसरा रस्ता जाळीच्या पत्र्यातला एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय). तो उत्तम, पण त्याचे टर्मिनल उघडे आणि जाळीला भोकं, त्यातून एक चिप आत गेली की संपलं. तो झाकणाच्या डब्यात आणि भिंतीवर. त्याला अर्थिंग जोडल्याशिवाय चालवू नका. अर्थिंग नसताना आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे बॉडीवर हलक्या झिणझिण्या येतात, आणि मग लोक म्हणतात मशीनला करंट येतो. जुन्या इमारतीत सॉकेटची तिसरी पिन नुसती शोभेची असते, तेव्हा वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) आहे का बघा. हे दिव्यासाठीच नाही, मशीनसाठीही लागणारच आहे.

१२ व्होल्टच्या बाजूला फ्यूज टाका. लोक इथे हसतात, १२ व्होल्टला कसला फ्यूज म्हणून. शॉक बसत नाही, पण ५ अँपिअर देऊ शकणाऱ्या एसएमपीएसवर बारीक वायर शॉर्ट झाली की ती तापून सालपट जळतं, आणि खाली तेलकट चिप्सचा ढीग असतो. गाडीचा २ अँपिअरचा ब्लेड फ्यूज होल्डरसकट किरकोळ किमतीत मिळतो. वायर ०.७५ चौरस मिमीची दोन कोअरची घ्या. निगेटिव्हसाठी गाडीसारखी मशीनची बॉडी वापरू नका. डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा) लावलेला असेल तर त्याचे आकडे नाचायला निमित्त मिळतं. स्पिंडल व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) असेल तर दिव्याची वायर मोटरच्या वायरीपासून वेगळ्या वाटेने न्या, एकाच पाइपातून दोन्ही नको.

स्विच कुठे? कॉलमच्या डाव्या बाजूला, तेल उडणार नाही तिथे, रबरी टोपीचा टॉगल. आणि दिव्याची लाइन इमर्जन्सी स्टॉपच्या आधीपासून घ्या. लाल बटण दाबलं की स्पिंडल थांबायला हवं, दिवा विझायला नको. कटर जॉबमध्ये रुतून बसलाय, बोट कुठेतरी अडकलंय, आणि त्याच क्षणी अंधार, ही परिस्थिती कुणावर येऊ नये. दिव्याची लाइन वेगळी आहे अशी चिठ्ठी मशीनच्या पॅनेलवर चिकटवा, म्हणजे उद्या दुरुस्तीला येणारा मेन स्विच पाडून सगळं मेलंय असं समजणार नाही.

जुनं सेकंडहँड मशीन घेतलेल्यांसाठी एक सूचना. त्यावर बहुधा २४ व्होल्ट एसीचा दिवा असतो, पॅनेलमधल्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून आलेला. आयती लाइन आहे म्हणून त्यावर ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) टाकून २४ व्होल्टची एलईडी पट्टी जोडू नका. २४ व्होल्ट एसी रेक्टिफाय करून कपॅसिटरवर भरला की ३२-३३ व्होल्ट होतो, लोड कमी असेल तर आणखी वर. पट्टी आधी फार सुंदर उजळते, मग काळी पडते. कपॅसिटर न टाकता जोडलीत तर जळत कदाचित नाही, पण पुन्हा १०० हर्ट्झची लुकलुक. मधे चांगला डीसी-डीसी कन्व्हर्टर टाका, नाहीतर ती लाइन सोडून स्वतंत्र एसएमपीएस घ्या. आणि जुना हॅलोजन असेल तर तो काढाच. आपण ॲल्युमिनियम कापताना ब्रशने रॉकेल सोडतो. हॅलोजनच्या बल्बची काच २५० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि रॉकेल सव्वादोनशेच्या आतच आपोआप पेट घेऊ शकतं. शिवाय गार कूलंटचा थेंब तापल्या काचेवर पडला तर ती तडकते.

बसवताना कास्टिंगला नवं भोक पाडण्याआधी जुनी शोधा. हेडच्या वर आयबोल्टसाठी टॅप केलेलं भोक असतं, डेप्थ स्टॉपच्या ब्रॅकेटचे स्क्रू असतात, बेल्ट गार्डच्या बिजागऱ्या असतात. त्यातल्या एखाद्या स्क्रूखाली पट्टी घालून गूजनेक बसवता येतो. गूजनेक ४० सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नका. त्यापुढे तो स्वतःच्या वजनाने मान टाकतो आणि फ्लायकटर (एका दाताचा रुंद कटर) चालू असताना डोलतो. टेबल-लॅम्पचे स्प्रिंगवाले दुहेरी हात तर कंपनांत नाचतातच. टेबलावर किंवा वाइसवर दिवा बसवू नका, टेबल एक्समध्ये गेलं की वायर ओढली जाते. सगळं बसवून झालं की स्पिंडल बंद ठेवून तिन्ही अक्ष दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, क्विल पूर्ण खाली घ्या, तुमच्याकडचा सगळ्यात मोठा कटर लावून पुन्हा तेच करा, आणि हेड तिरपं होणारं असेल तर दोन्ही बाजूंना झुकवून बघा. दिवा कुठे आडवा येतो ते तेव्हाच कळलेलं बरं.

टिकाऊपणाचं बोलायचं तर एलईडी मरत नाहीत, त्यांच्या भोवतालचं मरतं. पट्टीच्या मागचा गोंद कटिंग ऑइलपुढे टिकत नाही, म्हणून पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा आणि चॅनेलला स्क्रू मारा. चॅनेल उष्णताही ओढून घेतो. वायर टाकलेल्या टोकाला ताण येऊ देऊ नका, सोल्डर जॉइंट कंपनाने तिथेच तुटतात. टोकं बंद करायला सिलिकॉन सीलंट वापराल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं ॲसिड तांब्याला हिरवं करतं. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या. कोकणात किंवा मुंबईच्या खाडीकाठी असाल तर हे दुप्पट पाळा. समोरचं आवरण पॉलिकार्बोनेटचं असेल तर थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं. हवेच्या बंदुकीने दिवा साफ करणं तर नकोच. त्याने चिप्स रिंगच्या फटीत जातात, आणि मशीनच्या स्लाइडमध्येही.

रंगाबद्दल थोडंसं. बाजारात सगळीकडे ६५०० केल्विनचा ‘कूल डे लाइट’ गळ्यात मारतात. तो जॉबवर निळसर चमकतो आणि डोळे शिणवतो. ४००० केल्विनचा, ‘नॅचरल व्हाइट’ म्हणतात तो मागून घ्या. कटर तापून चिप्स पिवळसर, तपकिरी, निळ्या होत जातात आणि त्यावरून आपण स्पीड-फीड ठरवतो. निळ्या उजेडात सगळ्याच चिप्स निळ्या वाटल्या तर ती खूण हातची गेली.

सामान पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. रिंग तेवढी गाडीच्या ॲक्सेसरीजवाल्याकडे. घेण्याआधी क्विलच्या न फिरणाऱ्या भागाचा बाहेरचा व्यास वर्निअरने मोजा आणि रिंगचा आतला व्यास त्यापेक्षा निदान १० मिमी मोठा घ्या, क्लॅम्पची भिंत मध्ये बसायची आहे. तो व्यास आणि कोलेट चकच्या नटाचा बाहेरचा व्यास कळवलात, तर क्लॅम्पचं माप काढून देतो.